डब्यातली चिठ्ठी: ठाण्यातल्या हॉटेलमालकांना एक खुलं पत्र

प्रति,
ठाण्यातले समस्त हॉटेलमालक, थाळीवाले, खानावळवाले, आणि त्यांच्या वतीने गेले पंधरा दिवस माझ्याशी भांडणारे माझे शेजारीपाजारी,

सप्रेम नमस्कार.

आधी झालं काय ते सांगते, म्हणजे ज्यांना अर्धवटच माहितीये त्यांनाही कळेल. जुलैचा पहिला रविवार, धो धो पाऊस, मी, आमचे हे आणि सासूबाई असे तिघं घोडबंदर रोडच्या बाजूला नव्याने सुरू झालेल्या एका मालवणी हॉटेलात जेवायला गेलो. नाव लिहीत नाही, कारण हे पत्र त्या एका हॉटेलबद्दल नाहीचे मुळी. दारात फळा होता, 'आजची ताजी सुरमई'. आम्ही दोन सुरमई थाळ्या आणि सासूबाईंना कोलंबी थाळी सांगितली, यायला चाळीस मिनिटं लागली, पावसामुळे गर्दी होती म्हणून त्याचं काही नाही. घरी येऊन मी नेहमीसारखं सविस्तर ऑनलाईन लिहून टाकलं. की तांदळाची भाकरी मऊ, पांढरीशुभ्र, तव्यावरून थेट ताटात, असं सुख ठाण्यात फार कमी ठिकाणी मिळतं. की सुकटीची चटणी इतकी चांगली की सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि त्या बाई जन्मात कुणाकडे काही मागत नाहीत. की वाढणारा मुलगा गोड होता, पाणी संपायच्या आत भरत होता. आणि की सुरमई ताजी नव्हती, बर्फातली होती, तुकडा मोडला तर पदर सुटत नव्हते, कापूस चावल्यासारखा कोरडा लागत होता, आणि रव्याचा थर ओला होऊन सालासारखा निघून येत होता. शेवटी एक वाक्य, की जुलै महिन्यात सुरमई 'आजची ताजी' असणार तरी कशी.

झालं. त्या एका वाक्यावर रामायण.

आता हे काही माझं संशोधन नाही हो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ असतो म्हणून. चेंदणी कोळीवाड्यातल्या कुठल्याही मावशीला विचारा, दोन शिव्या घालून सांगेल. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे जुलैत तिकडच्या बोटी सुटलेल्या असतात आणि तिकडचा मासा बर्फात बसून इकडे येऊ शकतो, तो काही वाईट नसतो, नीट ठेवला आणि नीट डिफ्रॉस्ट केला तर चांगलाही लागतो. मी ते खात नाही असं नाही. पण देशाच्या त्या काठावरून या काठावर आलेल्या माशाला 'आजची ताजी' म्हणून फळ्यावर लिहायचं आणि पापलेटच्या वरचा भाव लावायचा, हे मला खटकलं, ते मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन. नंबर कुठून मिळवला देव जाणे. पहिलाच प्रश्न, "ताई, तुम्हाला हे कुणी लिहायला सांगितलं?" मी म्हटलं, कुणी नाही, मीच खाल्लं, मीच लिहिलं. "समोरच्या हॉटेलवाल्याने ना?" अहो, समोर काय आहे ते मला माहीतही नाही, पावसात दिसलं नाही काही. मग म्हणाले, "बरं, तुमचे पैसे परत देतो, तेवढं काढून टाका." खरं सांगते, पहिल्या प्रश्नाने राग आला होता पण या दुसऱ्याने वाईट वाटलं. म्हणजे मी पैसे घेऊन लिहिते असं आधी समजले, आणि मग पैसे घेऊन पुसते असं. त्या पूर्ण फोनमध्ये सुरमईचा विषयच निघाला नाही. भाकरीचं कौतुक केलंय ते तर वाचलंच नसावं.

आणि मग तुम्ही सगळे आलात. कुणी म्हणालं पोटावर पाय देऊ नका, कुणी म्हणालं मराठी माणूस धंद्यात उतरलाय त्याला सपोर्ट करा, एका काकांनी विचारलं की तुम्हाला स्वतःला जमतंय का हॉटेल चालवायला, एकीने फक्त 'एवढं मोठं कोण वाचतं' असं लिहून तीन हसणारे चेहरे टाकले. आणि सगळ्यात जास्त लोकांचं म्हणणं, जे वरवर फार समजूतदार वाटतं, ते हे की 'नाही आवडलं तर परत जाऊ नका, पण गप्प बसा ना, लिहायचं कशाला'.

या गप्प बसण्यावर मला बोलायचंय.

माझी आई पोळीभाजीचे डबे द्यायची. चरईत दोन खोल्या, स्वयंपाकघरात स्टोव्ह आणि शेगडी मिळून तीन विस्तव, आणि २२ डबे. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. वागळे इस्टेटमध्ये तेव्हा कारखाने जोरात, गावाकडून आलेली एकटी पोरं, चारचार जण एका खोलीत, त्यांचे हे डबे. एक मुलगा सायकलवर पोचवायचा, संध्याकाळी रिकामे डबे परत. आणि त्या रिकाम्या डब्यात अधूनमधून चिठ्ठी असायची. विडीच्या पाकिटाच्या कागदावर, कॅलेंडरच्या फाडलेल्या तारखेच्या मागे, कशावरही. 'मीठ कमी.' 'पोळ्या वातड.' 'काकू आज मजा आली.' चिठ्ठ्या वाचायचं काम माझं, मी तेव्हा सहावी-सातवीत, आई पीठ मळत असायची आणि मी मोठ्याने वाचायची आणि नावं ठेवणारी चिठ्ठी असली की आईचा मळायचा जोर वाढायचा. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ व्हायच्या.

एक जण होते, नाव सांगत नाही, कुठल्यातरी कंपनीत स्टोअर्समध्ये होते, त्यांची चिठ्ठी अजून माझ्या लक्षात आहे. 'काकू, मंगळवारची फरसबी चांगली शिजली होती. गुरुवारची दाताखाली कचकच वाजत होती. मागच्या गुरुवारी गवारीचंही असंच. बहुतेक गुरुवारी तुमची घाई होत असावी.' आई उखडली. 'मोठे आले साहेब' वगैरे झालं. रात्री जेवताना एकदम म्हणाली, अगं गुरुवारी नळाला पाणी उशिरा येतं ना, म्हणून भाजी उशिरा पडते. तोपर्यंत तिच्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं. बुधवारी रात्री भाजी चिरून ठेवायला लागली, माझ्या बोटांना गवारीचा वास तेव्हापासूनचा. त्या माणसाने डबा पुढे सात वर्षं घेतला, लग्न होईपर्यंत.

आणि दुसरे एक होते, त्यांची चिठ्ठी नेहमी एकच, 'छान'. आठ महिने छान. आणि एका पहिल्या तारखेला डबा बंद. भांडण नाही, निरोप नाही. नंतर सायकलवाल्या मुलाकडून कळलं की त्यांना वांगं चालतच नव्हतं, अंगावर खाज यायची, आणि आमच्याकडे आठवड्यातून दोनदा वांगं. आठ महिने त्या माणसाने वांगं खोलीतल्या मित्रांना वाटलं आणि छान लिहिलं. आई किती हळहळली होती! म्हणायची, एक अक्षर लिहिलं असतं तर मी त्याला बटाटा घातला असता, मला काय जड होतं.

म्हणून ते गप्प बसा म्हणणाऱ्यांना सांगते, गप्प बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक. तुमच्या गल्ल्यावर बसून तुम्हाला ते दिसत नाही. दिसते ती मी, कचकच करणारी, कारण मला परत यायचंय. ज्याला यायचंच नाहीये त्याला काय पडलंय पाचशे शब्द टाईप करायची, अंगठा दुखतो हो.

आता लिहिण्याबद्दल. 'अप्रतिम चव, नक्की भेट द्या' हे वाक्य मी बंद करायला सांगणार आहे सगळ्यांना, म्हणजे माझं कोण ऐकतंय, पण तरी. यातून काय कळलं? चव होती. बरं. 'जिभेवर रेंगाळणारी चव' म्हणजे माझ्या अनुभवात अजिनोमोटो जास्त झालेला असतो. आणि ते 'घरगुती चव', याचा तर मला उलगडाच होत नाही. कुणाच्या घरची? आमच्या शेजारी एक कुटुंब आहे, अतिशय सज्जन माणसं, त्यांच्याकडची आमटी खाल्ली की डोळ्यांत पाणी येतं आणि ते मायेने नसतं. घरगुती तीही आहे. घरगुती म्हणजे तेल कमी? की ग्रेव्ही मोठ्या पातेल्यातली एकच लाल नाही, प्रत्येक भाजीचं वाटण वेगळं? की मीठ रोज वेगवेगळं पडतं? यातलं काय ते लिहा ना.

उलट बाजूचंही तसंच. 'बकवास, पैसे वाया' हेही कचऱ्यातच. काय खाल्लं, कधी गेलात, दुपारी की रात्री साडेदहाला किचन आवरताना, बिल किती झालं, काय बिघडलं होतं, करपलं होतं का कच्चं होतं का शिळं होतं का नुसतं तुमच्या आवडीचं नव्हतं. शेवटच्या दोन गोष्टींत तर जमीनअस्मानाचा फरक आहे आणि लोक तो करतच नाहीत. मला कारल्याची भाजी गोड केलेली आवडत नाही, हा हॉटेलचा दोष नाही, तो मी असा लिहिते की 'गूळ घातलेली असते, आवडणाऱ्यांना आवडेल'.

साधं लिहिलं की पुरतं हो. बाहेरगावच्या माणसाला गजाननच्या वडापावबद्दल सांगायचं तर मी एवढंच सांगते, की सोबत बेसनाची पिवळी चटणी मिळते. बस. ज्याला खायचंय तो निघाला. मामलेदारची मिसळ सांगायची तर आधी हे सांगावं लागतं की तिखट किती ते ठरवून जा, आणि पहिल्यांदाच जाणार असाल तर मर्दुमकी दाखवू नका, पुण्याहून आलेल्या माझ्या भाचेजावयाने दाखवली होती आणि नंतर तलावपाळीवर दोन कुल्फ्या खाऊनही त्याचे कान लाल होते. हे वाचून कुणाला अप्रतिम, लाजवाब, एकदम कडक असलं काही वाचायची गरज उरते का? आणि हे टीकाही नाही आणि जाहिरातही नाही, नुसती माहिती आहे, ती वाचून कमी तिखट खाणारा माणूस स्वतःचं ठरवेल.

शुद्धलेखनाचं मी बोलत नाहीये, ते माझंही दिव्य आहे, ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत मी देवावर भरवसा ठेवते. त्या स्टोअर्सवाल्या काकांच्या चिठ्ठीतही 'फरसबि' होतं. पण मंगळवार आणि गुरुवार होता ना त्यात. चांगलं लिहिलेलं म्हणजे मला तेवढंच म्हणायचंय. आणि 'एवढं मोठं कोण वाचतं' म्हणणाऱ्या ताईंना, बाई गं, तू वाचू नको, मालकांनी वाचावं एवढीच अपेक्षा आहे, त्यांचा धंदा आहे तो.

आता मालकांच्या बाजूचं, कारण तुम्ही म्हणाल ही एकतर्फी बोलतेय.

मला माहितीये की भाडं काय आहे घोडबंदर रोडला. १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर, ऑर्डर आणून देणाऱ्या ॲपचं कमिशन, मे महिन्यात गावाला गेलेला आचारी जूनमध्ये येतोच असं नाही, आला तर दुसऱ्या हॉटेलात चिकटतो. पहिले दोन महिने किचनची घडी बसत नाही, म्हणून नवीन हॉटेलला मी साधारण दोन महिने जातच नाही. या हॉटेललाही दोन महिने झाले होते. आणि हेही माहितीये की काही मोबाईलवाले येतात, टेबलावर दिवा लावून शूटिंग करतात, चार डिश फुकट मागतात आणि नाही दिल्या तर 'बघून घेतो' म्हणतात. नौपाड्यातल्या एका हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेल्या ताईंनी मला हे डोळ्यांत पाणी आणून सांगितलंय. हा सरळसरळ हप्ता आहे, त्याला टीका म्हणू नका, त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांकडेही संशयाने बघितलं जातं आणि तो तुमचा संशय मला कळतो. त्या मालकांनी मला पहिला प्रश्न तो का विचारला तेही कळतं, आत्ता राग ओसरल्यावर.

पण मग तुम्हीही एक करा. बिलाबरोबर वेटरला पाठवता ना, 'मॅडम, पाच स्टार देऊन टाका, गुलाबजाम फ्री आहे', ते बंद करा. त्या पोराला बिचाऱ्याला टार्गेट दिलेलं असतं, तो डोक्यावर उभा राहतो, माणूस भिडेखातर देतो. २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या ऑनलाईन अभिप्रायांसाठी एक मानक काढलं, आयएस १९०००, त्यात विकत घेतलेला किंवा पगारी माणसाकडून लिहून घेतलेला अभिप्राय छापायचा नाही असं आहे, पाळणं ऐच्छिक असलं तरी. आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने इन्फ्लुएन्सर लोकांना सांगितलंय की फुकट वस्तू मिळाली, पैसे मिळाले, तर तसं साध्या भाषेत आणि ठळक सांगायचं. ठाण्यात किती रील्सवर तुम्ही हे बघितलंय? 'ठाण्यातलं हिडन जेम' म्हणतात आणि ते हॉटेल हायवेवर, वर चाळीस फुटी बोर्ड.

फुकट खाऊन खरं लिहिता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. माझे धाकटे दीर एका मालकांचे शाळासोबती. त्यांच्याबरोबर त्या हॉटेलात गेलं की सुरमईचा मधला तुकडा येतो, जाडजूड, काटा कमी, वर 'वहिनी, ही कोलंबी आपल्याकडून'. आम्ही दोघंच गेलो की शेपटीकडचा. भाव तोच. पहिल्यांदा मी दिरांबरोबर गेले होते आणि असं भरभरून लिहिलं होतं, आणि ते वाचून गेलेल्या आमच्या मजल्यावरच्या जोशीणबाई आल्या ना विचारायला, की कुठे आहे तो जाड तुकडा. तेव्हापासून ओळखीच्या ठिकाणचं लिहायचं झालं तर वरच लिहिते की ओळख आहे, आणि शक्यतो लिहीतच नाही. ते परदेशातले, हॉटेलांना स्टार देणाऱ्या मिशेलिन गाइडचे इन्स्पेक्टर म्हणे ओळख न देता जातात आणि बिल भरतात. आपल्याला स्टार नाही द्यायचे कुणाला, पण बिल भरणं तरी जमण्यासारखं आहे.

आणि माझी चूक झालेलीही सांगते, नाहीतर तुम्ही काढालच. दोन वर्षांपूर्वी कोपरीत एका छोट्या हॉटेलात सोलकढी आली ती चक्क राणी कलरची. मी ठोकून दिलं, 'सोलकढीत रंग घालतात'. चौथ्या दिवशी मालकांचा निरोप आला, एकदा येऊन जा. गेले, जरा घाबरतच. त्यांनी काही न बोलता आत नेलं, फ्रिजमधून आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली काढली, नारळाच्या दुधात माझ्यासमोर दोन चमचे घातलं, आणि तोच रंग. त्यांच्या आईने गावी त्याच सीझनच्या रातांब्यांचं काढलेलं होतं. आम्ही आणतो ते जुनं, विटकरी पडलेलं, म्हणून मला खरा रंग माहीतच नव्हता. मी तिथल्या तिथे माफी मागितली, घरी येऊन लिहिलं की मी चुकले, आगळ असं असतं, आणि जिथे आधीचं लिहिलं होतं तिथेच लिहिलं, कोपऱ्यात नाही. त्यांनी मला विचारलं नाही की कुणी लिहायला सांगितलं. बाटली दाखवली. अहो संपलं ना भांडण. आता दरवर्षी मे महिन्यात त्यांच्याकडून मी दोन बाटल्या विकत आणते.

त्या सुरमईवाल्या मालकांच्या हितचिंतकांपैकी एकाने अब्रुनुकसानीच्या नोटिशीची धमकी दिलीये, त्याबद्दल एक गंमत. माझा भाचा वकील आहे, त्याला विचारलं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय. त्यात अपवाद दिलेत, खरं असेल आणि ते सांगण्यात लोकांचं भलं असेल तर ती बदनामी नव्हे. आणि पुढे एक अपवाद लोकांपुढे मांडलेल्या कलाकृतीवरच्या मताबद्दल आहे, त्याचं उदाहरण तर मला इतकं आवडलं! झेड नावाच्या कुणाचं पुस्तक आहे. 'झेडचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, झेड दुबळा माणूस असला पाहिजे' असं तुम्ही सद्भावनेने म्हणालात तर चालतं, कारण मत पुस्तक वाचून झालंय. पण 'पुस्तक मूर्खपणाचं आहे यात नवल काय, तो माणूसच दुबळा आणि बदफैली आहे' म्हणालात तर अपवाद लागू नाही, कारण मत पुस्तकातून आलेलं नाही, माणसाबद्दल तुम्ही आधीच धरून बसलायत. आता हे पुस्तकांचं आहे, थाळीचं नाही, आणि मी काही वकील नाही. पण मला वाटतं हॉटेलबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण फ्रीजवर चिकटवून ठेवावं. ताटात जे आलं त्यावर बोला. मालक कुठल्या गावचा, वेटर कुठल्या राज्यातला, आचाऱ्याची भाषा काय, कुणाच्या जातीला कुठला पदार्थ जमत नाही, हे जे लोक लिहितात ना खाली येऊन, माझ्या बाजूने म्हणून लिहिलं तरी, ते मला नकोय. त्या रविवारी माझ्या बाजूने दोघांनी असं लिहिलं, त्यांच्याशी मी तुमच्याहून जास्त भांडले.

यावरूनच मराठी माणसावर येते, कारण हा मुद्दा मला खरंच लागला. मराठी माणूस धंद्यात पडलाय, सांभाळून घ्या. अहो, मी कुणाची मुलगी आहे? २२ डब्यांवर दोन भावंडं शिकली आमच्या घरात. आईला कुणी म्हणालं असतं ना, की बाई मराठी आहे, गरीब आहे, भाजी कच्ची असली तरी चालवून घ्या, तर तिने त्याच्या हातात डबा परत दिला असता, रिकामा. दयेने खाल्लेलं जेवण तिला अपमान वाटायचं. ज्या उडप्याला आपण चाळीस वर्षं इडली चांगली म्हणतो त्याला कुणी कन्नड म्हणून सांभाळून घेतलं नाही, इडली दगड निघाली की आपण उठून समोरच्या उडप्याकडे गेलो. सांभाळून घ्या म्हणणं म्हणजे मराठी हॉटेलकडून कमीच अपेक्षा ठेवा असं सांगणं, आणि तुम्ही ते मला मराठी अभिमान म्हणून सांगताय. मला नाही पटत. मालवणी थाळीची पाटी लावली की मी मालवणी मोजपट्टीनेच मोजणार, आणि सासूबाई तर वेंगुर्ल्याच्या, त्यांची पट्टी माझ्याहून बारीक.

आणि त्यांनीच त्या दिवशी रिक्षात जे सांगितलं ते मी लिहिलं होतं, पण ताजी सुरमईच्या भांडणात ते कुणी वाचलंच नाही, म्हणून परत लिहिते. त्या म्हणाल्या, आमच्याकडे पावसात कोण ताजा मासा शोधतो, मे महिन्यात उन्हात वाळवून डबे भरून ठेवायचे आणि पावसाळाभर तेच. सुके बोंबील बटाटा घालून, जवळा कांद्यावर परतून, खारा बांगडा निखाऱ्यावर, सोबत उकड्या तांदळाची पेज. बाहेर पाऊस, आत तो वास. आता विचार करा, त्या हॉटेलची सुकटीची चटणी एवढी सुंदर, म्हणजे आत किचनमध्ये कुणीतरी आहे ज्याला सुका मासा कळतो. असा हात असताना फळ्यावर खोटी सुरमई कशाला? 'पावसाळी थाळी' लिहा, जवळा, बोंबील, भाकरी, दोन महिने. घोडबंदर रोडला कोण देतंय हे? मी पहिली येईन आणि पाच माणसं आणीन. सोसायटीत वासावरून भांडणं होतात म्हणून घरी सुकं करता येत नाही असे किती कोकणी तडफडतायत ठाण्यात, तुम्हाला कल्पना नाही.

हे माझं खरं म्हणणं होतं, पाचशे शब्दांतलं. फोनवर विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तर मालक, नाव नाही घेतलं तरी तुम्ही वाचताय हे मला माहितीये. लिहिलेलं मी काढणार नाही. पैसे परत नकोत, थाळी खाल्ली, भाकरीचे तर कमीच लावलेत तुम्ही. नारळी पौर्णिमा झाली की बोटी नीट सुरू झालेल्या असतील, त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं येतोय, दुपारी साडेबाराच्या सुमारास, गर्दीच्या आधी. फळ्यावर ताजी सुरमई लिहिलेली असली तर तीच सांगू, आणि पदर सुटले तर तसं लिहीन, तारखेसकट. सासूबाईंसाठी सुकटीची चटणी दोनदा लागेल ते आधीच सांगून ठेवते. आणि मधला तुकडा राखून ठेवू नका, जो येईल तो येऊ दे.

तुमची,
पैसे देऊन जेवणारी एक नौपाडाकरीण